सर्वर खयचो आसा? शेअर्ड होस्टिंगची ऑपरेटिंग सिस्टिम ओळखताना

"गो बाय, पावती येणा नाय."

२०२३ चा एप्रिल, सकाळचे साडेसात, देवगडच्या बागायतदार काकांचा फोन. काकांची छोटी वेबसाइट आहे. गिऱ्हाईक पेट्या नोंदवतं आणि पाच-दहा मिनिटांत त्याला पावतीची पीडीएफ मेलवर जाते. जुनी पावती साधी होती म्हणून काकांच्या पुण्यातल्या पुतण्याने मार्चमध्ये नवा प्रोग्राम करून दिला. त्याच्या लॅपटॉपवर तो मस्त चालला. सर्वरवर चढवला आणि पावत्या गप्प. मुंबईच्या गाडीत पेट्या भरून तयार आणि पावतीचा पत्ता नाही.

ज्यांच्या सर्वरवर काकांची साइट भाड्याने ठेवलीय त्या होस्टिंगवाल्यांच्या चॅटवर मी विचारलं, सर्वरवर ऑपरेटिंग सिस्टिम कुठली आहे? वीस मिनिटांनी उत्तर आलं, "सर, लिनक्स आहे." मी 'सर' नाही हे सोडून देऊ. पण बाजारात जाऊन "आज काय आलंय?" विचारलं आणि कोळणीने "मासे" असं सांगितलं, तर आपण काय घेणार? बांगडा की सुरमई, आणि आजचा की कालचा, हे कळलं तर उपयोग.

मी मालवणात बारा वर्षं सायबर कॅफे चालवला. तो बंद केल्यावर त्याच टेबलावर बसून होमस्टेवाल्यांच्या, बागायतदारांच्या आणि एका बर्फ कारखान्याच्या वेबसाइटी सांभाळते. माझी निम्मी कामं फोनवर होतात. पलीकडे वहिनी किंवा काका टाइप करणार आणि मी तोंडी सांगणार. म्हणून खालच्या आज्ञाही बोलते तशाच लिहिल्यात. कीबोर्डवर अर्थात इंग्रजी अक्षरंच दाबायची.

आधी एक विचारते, तुम्हाला हे कशासाठी हवंय? नुसती वर्डप्रेसची साइट चालवायची असेल तर विंडोज की लिनक्स एवढं कळलं तरी पुष्कळ. एखादा तयार प्रोग्राम, म्हणजे बायनरी, सर्वरवर चालवायची असेल तर लिनक्सची कुठली जात आणि कितवी आवृत्ती, इथपर्यंत जावं लागतं. आणि कंपनी जुन्याच सर्वरवर तर बसवून ठेवत नाही ना अशी शंका असेल, तर आवृत्तीबरोबर तिचा आधार, म्हणजे तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं, कधी संपतो तेही बघायचं. जेवढी गरज तेवढंच खोल उतरा.

बाहेरून दिसणाऱ्या खुणा

लॉगिन केल्यावर सीपॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पॅनेल, दिसलं की तिथेच समजायचं, लिनक्स. सीपॅनेल विंडोजवर चालत नाही. प्लेस्क नावाचं दुसरं पॅनेल मात्र दोन्हीकडे चालतं, त्यामुळे प्लेस्कवाल्यांनी फाइल मॅनेजरमध्ये बघावं. प्लेस्कमध्ये साइटच्या फाइली 'एचटीटीपीडॉक्स' नावाच्या फोल्डरात असतात. त्या फोल्डराचा पूर्ण पत्ता व्हीएआर, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, व्हीहोस्ट्स असा असला तर लिनक्स. सी ड्राइव्ह आणि आयनेटपब दिसलं तर विंडोज. तसंच 'डॉट एचटीअॅक्सेस' ही फाइल काम करत असेल तर बहुतेक लिनक्स, आणि तिच्या जागी 'वेब डॉट कॉन्फिग' असेल तर जवळजवळ नक्की विंडोज.

पॅनेलचा पासवर्डही हाताशी नसेल तर माझी आवडती खूण वापरा. ही मला तारकर्लीच्या एका होमस्टेवाल्या वहिनींनी नकळत शिकवली. त्यांनी खोल्यांचे फोटो कॅमेऱ्यातून थेट काढून चढवले होते. फाइलच्या नावाच्या शेवटी कॅमेऱ्याने जेपीजी हे शब्द मोठ्या लिपीत लिहिलेले, आणि पानात त्यांनी ते छोट्या लिपीत टाइप केलेले. घरच्या विंडोज लॅपटॉपवर सगळे फोटो दिसत होते. साइटवर मात्र नऊ रिकामे चौकोन. वहिनींना वाटलं, रेंज नाही म्हणून फोटो उतरत नाहीत. दोन दिवस त्या फोन घेऊन अंगणातल्या माडाखाली उभ्या राहून बघत होत्या.

विंडोजला फाइलच्या नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. म्हणून तपासणी अशी करायची: तुमच्याच साइटवरचा एखादा फोटो ब्राउझरमध्ये स्वतंत्र उघडा. वरच्या पत्त्यात फोटोच्या नावातलं एकच अक्षर लहानाचं मोठं करा आणि एंटर दाबा. फोटो तरीही आला तर विंडोजचा संशय घ्या. "सापडत नाही" आलं तर लिनक्स. बदल फोटोच्या नावातच करायचा. डोमेनच्या नावात केला तर काहीच फरक पडणार नाही, कारण तिथे लहान-मोठं कुणी बघत नाही. आणि वर्डप्रेसच्या पानाच्या पत्त्यावरही हा प्रयोग करू नका. वर्डप्रेस स्वतः अंदाज बांधून योग्य पानावर नेऊन सोडतं आणि तुम्ही फसता. अपाचीत, म्हणजे पानं वाढणाऱ्या वेबसर्वर प्रोग्रामात, नावं दुरुस्त करणारं एक मॉड्यूल असतं, ते चालू असेल तरी घोळ होतो, पण तसं क्वचितच सापडतं.

एफटीपीने फाइली बघत असाल तर परवानगीचा रकाना बघा. तिथे 'डीआरडब्ल्यूएक्स' छाप अक्षरांची माळ असेल तर लिनक्सची शक्यता जास्त. विंडोजच्या सर्वरवर तो रकाना बहुधा रिकामा असतो.

ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून, नेटवर्कच्या टॅबमध्ये पहिल्या ओळीवर टिचकी मारली की सर्वरने पाठवलेले हेडर दिसतात. त्यातली 'सर्वर' ही ओळ वाचा. मायक्रोसॉफ्ट आयआयएस १०.० म्हणजे विंडोज सर्वर २०१६ किंवा त्यानंतरचा. ८.५ म्हणजे २०१२ आर-टू. 'अपाची २.४.६' आणि कंसात 'सेंटओएस' म्हणजे सेंटओएस ७, कारण त्या आवृत्तीबरोबर अपाची २.४.६ च येत असे. लाइटस्पीड हा वेबसर्वर दिसला तर विंडोज नाही एवढं नक्की. पण शहाणी कंपनी ही ओळ छाटून नुसतं 'अपाची' ठेवते. मध्ये क्लाउडफ्लेअर ही मध्यस्थ सेवा लावलेली असेल तर तिथे त्याचंच नाव येतं. मागे कोण बसलंय ते कळत नाही.

पिंगचं, म्हणजे सर्वरला हाक मारून उत्तर बघण्याचंही तसंच. लिनक्स आपलं पाकीट ६४ चा आकडा देऊन सोडतं, विंडोज १२८ देऊन, आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. उत्तरात हा आकडा, म्हणजे टीटीएल, ५२ दिसला तर ते ६४ मधून उतरलेलं, ११३ दिसला तर १२८ मधून. पण बऱ्याच कंपन्या पिंग बंद ठेवतात. क्लाउडफ्लेअरमागे असाल तर उत्तर त्याच्याकडून येतं. मी पिंगवर विसंबून कधी कुणाला काही सांगितलेलं नाही.

आत शिरल्यावर

सीपॅनेलच्या उजव्या बाजूच्या रकान्यात 'सर्वर इन्फर्मेशन' नावाची लिंक असते. बरेच जण वर्षानुवर्षं सीपॅनेल वापरतात आणि ती कधी उघडत नाहीत. तिथे एक तक्ता उघडतो. त्यात 'ऑपरेटिंग सिस्टिम' या ओळीपुढे फक्त 'लिनक्स' लिहिलेलं असतं, म्हणजे चॅटवरच्या माणसाने मला दिलेलं उत्तर तिथूनच वाचलेलं होतं. खरी माहिती त्याच तक्त्यात थोडी खाली, 'कर्नल व्हर्जन'च्या ओळीत. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. ती जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्या. ती कशी वाचायची ते पुढे सांगते.

वर्डप्रेस असेल तर पॅनेलचीही गरज नाही. टूल्समध्ये साइट हेल्थ, तिथे 'इन्फो'चा टॅब, त्यात 'सर्वर' हा भाग उघडा. पहिल्याच ओळीत 'सर्वर आर्किटेक्चर' म्हणून लिनक्स, कर्नलचा आकडा आणि ६४ बिट असं सगळं येतं. ही सोय वर्डप्रेस ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून आहे. फोनवर सांगायला याहून सोपं काही नाही.

वर्डप्रेस नसेल तर एक चिमुकली पीएचपी फाइल करा. फाइल मॅनेजरमध्ये नवी फाइल, नाव कुणाला सुचणार नाही असं द्या, शेवटी डॉट पीएचपी. आत लिहायचं: 'पेक्षा लहान'चं चिन्ह, प्रश्नचिन्ह, पीएचपी, जागा, इको, जागा, पीएचपी अंडरस्कोर यूनेम, उघडता-मिटता गोल कंस, अर्धविराम. एवढंच. फाइल ब्राउझरमध्ये उघडली की एका ओळीत उत्तर. विंडोज असेल तर त्या ओळीत बिल्डचा आकडाही येतो: १४३९३ म्हणजे सर्वर २०१६, १७७६३ म्हणजे २०१९, २०३४८ म्हणजे २०२२.

काही कंपन्या यूनेमचं फंक्शन बंद करून ठेवतात. मग पान कोरं येतं किंवा एरर येते. अशा वेळी फंक्शनऐवजी स्थिरांक छापा. मोठ्या लिपीत पीएचपी अंडरस्कोर ओएस अंडरस्कोर फॅमिली, कंस न देता. फंक्शनं बंद करता येतात, हा स्थिरांक नाही. मात्र तो फक्त लिनक्स की विंडोज एवढंच सांगतो, आणि पीएचपी ७.२ च्या आधी तो नव्हता.

बरेच जण यूनेमऐवजी पीएचपी-इन्फो हे फंक्शन वापरतात. चालेल, पण त्यात एक खड्डा आहे. 'सिस्टिम' नावाची ओळ तुमच्या सर्वरची. तिच्या जवळच 'बिल्ड सिस्टिम' नावाची ओळ असते. ती पीएचपी ज्या यंत्रावर बांधून काढलं त्याची, तुमच्या सर्वरशी तिचा संबंध असेलच असं नाही. मी स्वतः एकदा ती ओळ वाचून कणकवलीच्या एका दुकानदाराला छातीठोकपणे चुकीचं सांगितलं होतं. आणि ती फाइल काम झाल्यावर लगेच पुसा. त्या पानावर सर्वरचे पत्ते, मॉड्यूल, सेटिंगं सगळं उघडं पडतं. घराच्या चाव्या पडवीत टांगून ठेवण्यातला प्रकार आहे तो.

आता तो कर्नलचा आकडा. देवगडच्या काकांच्या तक्त्यात होता त्याचं रूप असं होतं: ३.१०.०, मग आडवी रेघ, मग बिंदूंनी जोडलेले काही आकडे, मग 'एलव्हीई' अशी अक्षरं, पुन्हा आकडे, मग 'ईएल७', आणि शेवटी एक्स८६ अंडरस्कोर ६४.

उजवीकडून डावीकडे वाचत चला. शेवटचं म्हणजे ६४ बिटचं साधं यंत्र, सोडून द्या. 'ईएल७' सगळ्यात महत्त्वाचं. ईएल म्हणजे एंटरप्राइज लिनक्स, रेड हॅटचं कुळ. सेंटओएस, अल्मालिनक्स, रॉकी, क्लाउडलिनक्स सगळे या घराण्यातले. पुढचा ७ म्हणजे सातवी पिढी. ३.१०.० हा आकडा सातव्या पिढीचा, ४.१८.० आठव्या पिढीचा, ५.१४.० नवव्या पिढीचा. ईएल नसून शेवटी 'जेनेरिक' असेल तर उबुंटू समजायचं. तिथे ५.४ असेल तर बहुधा उबुंटू २०.०४ आणि ५.१५ असेल तर बहुधा २२.०४.

आणि मधलं 'एलव्हीई' म्हणजे क्लाउडलिनक्सची खूण. शेअर्ड होस्टिंगवर एकाच यंत्रात शेकडो गिऱ्हाइकं असतात. एकाच्या साइटवर गर्दी झाली तर बाकीच्यांचं पाणी तुटू नये म्हणून प्रत्येकाला प्रोसेसर आणि मेमरीची मर्यादा घालून देणारी ही व्यवस्था. क्लाउडलिनक्स २०१० मध्ये याच कामासाठी बाजारात आलं. कर्नलमध्ये ही तीन अक्षरं दिसली की उत्तर जवळपास हातात आलं: क्लाउडलिनक्स, पिढी तुमच्यासमोर लिहिलेली.

३.१० हा कर्नल मुळात २०१३ चा आहे म्हणून लगेच घाबरू नका. रेड हॅटच्या घराण्यात आकडा जुनाच ठेवून सुरक्षेच्या दुरुस्त्या मागून शिवत राहतात. शिवाय कर्नलकेअरसारखी सोय असेल तर सर्वर बंद न करता चालत्या कर्नलला ठिगळं लावली जातात, आणि यूनेम जुनाच आकडा सांगत राहतो. त्यामुळे आकड्यावरून पिढी ओळखा. दुरुस्त्या झाल्यात की नाहीत याचा निकाल त्यावरून देऊ नका.

इथवर आलात तरी एक गोष्ट उरते. कर्नल म्हणजे इंजिन. मालवणच्या जेटीवर उभं राहून नुसतं इंजिन बघितलं तर होडी कुणाची, कुठे बांधली ते कळत नाही, कारण तेच इंजिन दहा होड्यांना लावलेलं असतं. स्वस्त होस्टिंगवर कंटेनर, म्हणजे एकाच कर्नलवर चालणारे वेगवेगळे कप्पे, वापरतात तिथे असंच होतं. कर्नल यजमान यंत्राचा, वरचा सगळा पसारा वेगळ्याच लिनक्सचा. कर्नलच्या आकड्यात 'व्हीझेड७' दिसलं आणि आत उबुंटू निघालं तर दचकू नका, दोन्ही खरं आहे. म्हणून होडीवरचं नाव वेगळं वाचायला लागतं.

होडीवरचं नाव

ते नाव ज्या फाइलीत असतं तिचा पत्ता: तिरकी रेघ, ईटीसी, तिरकी रेघ, ओएस वजा रिलीज. सेंटओएस ६ सारख्या जुन्या सर्वरवर ती नसते. तिथे त्याच फोल्डरात रेडहॅट वजा रिलीज बघा. टर्मिनल किंवा एसएसएच, म्हणजे सर्वरवर थेट आज्ञा टाइप करायची सोय, असेल तर 'कॅट' टाइप करून, जागा सोडून हा पत्ता लिहिला की झालं. पण शेअर्ड होस्टिंगच्या स्वस्त प्लॅनमध्ये टर्मिनल सहसा नसतं. पीएचपीतून ती फाइल वाचायला गेलात तर बऱ्याचदा अडवतात, कारण पीएचपीला तुमच्या फोल्डराबाहेर जायची बंदी असते.

मग मी क्रॉनकडे वळते. ठरावीक वेळाने काम करणारा हा गडी सीपॅनेलच्या बहुतेक प्लॅनमध्ये असतो, आणि पीएचपीची बंदी त्याला लागू नसते. देवगडच्या काकांना मी फोनवर सांगितलं ते असं.

"काका, सीपॅनेलमध्ये क्रॉन जॉब्स उघडा. वरच्या यादीतून दर पाच मिनिटांनी निवडा."

"निवडलंय."

"आता खालच्या लांब चौकटीत. सी-ए-टी. जागा. तिरकी रेघ, ई-टी-सी, तिरकी रेघ, ओ-एस, वजाचं चिन्ह, आर-ई-एल-ई-ए-एस-ई. जागा. 'पेक्षा मोठं'चं चिन्ह. जागा. तिरकी रेघ, एच-ओ-एम-ई, तिरकी रेघ, तुमचं लॉगिनचं नाव, तिरकी रेघ, ओ-एस डॉट टी-एक्स-टी."

"पेक्षा मोठा म्हणजे खयचा गो?"

"उजवीकडे टोक असलेला, काका. शिफ्ट दाबून पूर्णविराम."

सेव्ह करून आम्ही थांबलो. तेवढ्यात त्यांच्याकडची लाईट गेली आणि पाचाची वीस मिनिटं झाली. मग फाइल मॅनेजरमध्ये घरच्या फोल्डरात ओएस डॉट टीएक्सटी आलेली होती. उघडली तर त्यात क्लाउडलिनक्स ७.९ आणि कंसात बोरिस येगोरोव्ह. काका म्हणाले, "ह्यो कोण? ह्यानेच पावती अडवल्यान?" क्लाउडलिनक्सवाले आपल्या आवृत्त्यांना अंतराळवीरांची नावं देतात. येगोरोव्ह म्हणजे १९६४ मध्ये अंतराळात गेलेला पहिला डॉक्टर. अल्मालिनक्सच्या कंसात रानमांजरांच्या जातीची नावं असतात, रॉकीच्या कंसात दगडांची. कंसात काही चमत्कारिक दिसलं तर सर्वर हॅक झाला असं समजू नका.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. ती फाइल घरच्या फोल्डरात लिहायची, पब्लिक एचटीएमएलमध्ये नाही, नाहीतर जगाला दिसेल. उत्तर मिळालं की क्रॉन काढून टाका. आणि क्लाउडलिनक्सवर प्रत्येक गिऱ्हाइकाला केजएफएस नावाच्या पिंजऱ्यात ठेवलेलं असतं. तुम्हाला दिसणारं ईटीसी फोल्डर हे त्या पिंजऱ्यातलं, मालकाने वाढून दिलेलं ताट असतं. बहुतेक वेळा त्यातली ओएस-रिलीज खरीच असते, पण कर्नलच्या पिढीशी ताडून बघितल्याशिवाय मी वहीत लिहीत नाही. कर्नल ईएल७ म्हणतोय आणि फाइल ७.९ म्हणतेय, म्हणजे जुळलं.

आणखी एक साक्षीदार आहे, त्याला फारसं कुणी विचारत नाही. पीएचपीमायअॅडमिन उघडा. पहिल्या पानावर उजवीकडे डेटाबेस सर्वरची आवृत्ती असते. मारियाडीबी या डेटाबेस प्रोग्रामाच्या पुढे 'सीएलएल-एलव्हीई' अशी शेपटी दिसली तर ते क्लाउडलिनक्ससाठी बांधलेलं मारियाडीबी. यंत्र कुठलं ते या शेपटीने कळतं. फक्त डेटाबेस वेगळ्या यंत्रावर ठेवलेला नाही ना, ते आधी बघा. सर्वरचं नाव 'लोकलहोस्ट' असेल तर बहुधा एकच यंत्र.

पावतीचं पुढे काय झालं

पावतीचा प्रोग्रामही क्रॉनच चालवत होता, आणि क्रॉनचा एक गुण आहे. त्याच्या कामात काही चुकलं की तो मेल पाठवतो. काकांच्या खात्यावर तशी सहाशेच्या वर पत्रं पडून होती, एकही उघडलेलं नाही. प्रत्येकात एकच तक्रार: ग्लिबसी २.२८ सापडत नाही. ग्लिबसी म्हणजे लिनक्सवरचे जवळपास सगळे प्रोग्राम ज्याच्या अंगावर उभे असतात ती मूळ लायब्ररी. सातव्या पिढीत ती २.१७ असते, आठव्या पिढीत २.२८, नवव्या पिढीत २.३४. पुतण्याचा लॅपटॉप नव्या उबुंटूचा, प्रोग्राम तिथे बांधलेला, आणि सर्वर सातव्या पिढीचा. नव्या लायब्ररीवर बांधलेला प्रोग्राम जुन्या लायब्ररीवर उभा राहत नाही. जुन्यावर बांधलेला सहसा नव्यावर चालतो. जावास्क्रिप्ट चालवणारा नोड १८ पण सातव्या पिढीवर याच कारणाने अडतो.

तुमच्या सर्वरवर ही लायब्ररी कितवी आहे ते बघायला त्याच क्रॉनच्या युक्तीत 'कॅट' आणि पत्ता काढून 'एलडीडी, जागा, दोन वेळा वजा, व्हर्जन' लिहा. पहिल्या ओळीच्या शेवटी आकडा येतो. बायनरी चालवणाऱ्यांना ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावापेक्षा हाच आकडा जास्त उपयोगाचा, असं माझं मत.

पुतण्याला मी आकडा कळवला. तो म्हणाला, "ताई, जुन्या लिनक्सवर पुन्हा बांधून देतो." मी म्हटलं, राहू दे. बायनरीचा नादच सोड आणि पीएचपीतच एमपीडीएफ लायब्ररी वापर. एमपीडीएफला मराठी जोडाक्षरं नीट जोडता येतात. आधीच्या एका साइटवर मी दुसरी लायब्ररी वापरली होती, तिने 'विद्यार्थी' या शब्दाचे तुकडे करून पानभर पसरले होते. संध्याकाळी सहाला काकांची पावती गेली. 'पेटी' आणि 'आंब्याच्या' दोन्ही शब्द धड होते.

कंपनीला विचारायचं तर

"ऑपरेटिंग सिस्टिम कुठली?" असं विचारू नका. मी आता हे पाठवते: "माझ्या खात्याच्या सर्वरवरील डिस्ट्रिब्युशनचं नाव, पूर्ण आवृत्ती आणि ग्लिबसीची आवृत्ती कळवा. हा सर्वर पुढच्या पिढीवर कधी नेणार आहात? नेण्याआधी ईमेलने कळवाल का?" डिस्ट्रिब्युशन म्हणजे लिनक्सची जात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळतंच असं नाही, पण नंतर भांडायला ते पत्र उपयोगी पडतं.

तारखा डोळ्यासमोर ठेवूनच हे पत्र लिहा. सेंटओएस ६ चा आधार ३० नोव्हेंबर २०२० ला संपला. सेंटओएस ८ चा ३१ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे धाकटा थोरल्याच्या आधी गेला. सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. अल्मालिनक्स आणि रॉकी जन्माला आले ते ८ च्या त्या धक्क्यामुळे, दोन्ही २०२१ मध्ये. त्यांच्या आठव्या पिढीला सुरक्षेच्या दुरुस्त्या २०२९ पर्यंत आणि नवव्या पिढीला २०३२ पर्यंत आहेत. ईएल७ अजून दिसत असेल तर कंपनीला सरळ विचारा, की पैसे भरून लांबवलेला आधार घेतलाय का. काहीजण घेतात. "हो" म्हणाले तर ठीक. उत्तर टाळलं तर हंगाम संपल्यावर बिऱ्हाड हलवा.

ज्यांना एनमॅप माहीत आहे ते विचारतील, बाहेरून स्कॅन करून थेट ओळखता येत नाही का? अंदाज येतो, पण शेअर्ड सर्वर तुमचा एकट्याचा नाही. त्यावर शेकडो लोकांच्या साइटी आहेत आणि कंपनीच्या नियमात स्कॅनिंगला बहुधा मनाई असते. तुमचा आयपी अडवला जाईल आणि आपल्या मोबाइल नेटवर्कवर एकाच आयपीमागे अर्धा तालुका असतो. वर सांगितलेल्या वाटांनी सगळं मिळत असताना त्या भानगडीत पडू नये.

मी हे सगळं कागदी वहीत लिहून ठेवते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेलं तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस लाईट नव्हती, लॅपटॉप मेलेला आणि लोकांचे पासवर्ड त्याच्या पोटात, तेव्हापासूनची सवय. काकांच्या पानावर दोन ओळी आहेत. पहिली निळ्या शाईत: सीपॅनेल, क्लाउडलिनक्स ७.९, ग्लिबसी २.१७, तपासलं १९ एप्रिल २०२३. तिच्याखाली लाल शाईत: क्लाउडलिनक्स ८.१०, ग्लिबसी २.२८, तपासलं १२ नोव्हेंबर २०२४, कंपनीने न कळवता हलवलं. आता दर वर्षी दिवाळीनंतर, आंब्याला मोहोर यायच्या आधी, वहीतल्या प्रत्येक सर्वरची कर्नलची ओळ मी एकदा पुन्हा वाचून घेते.